गालातलं ज्येष्ठमध

“गिळू नकोस. नुसतं गालात धरून ठेव,” सदूभाऊ म्हणाले आणि ज्येष्ठमधाची काडी मोडून अर्धी माझ्या तळहातावर ठेवली.

सदूभाऊ आमच्या मंडळीचे ऑर्गनवाले. दुसऱ्या अंकाची घंटा व्हायची होती. मी ऊर्मिलेचा शालू नेसून विंगेत उभी, आणि घसा असा, की ‘बरं’ म्हणायला गेले तर आत कुणीतरी सुपात खडे पाखडतंय असा आवाज आला.

“झालं कल्याण,” सदूभाऊ पुटपुटले. “अगं, पद कसं म्हणणार तू?”

“तुम्ही सूर धरा. मी गुणगुणेन.”

“आणि गुणगुणणंही नाही निघालं तर?”

तर काय, ते मला माहीत नव्हतं. मिरजेच्या घशाच्या डॉक्टरांनी दोनच दिवसांपूर्वी स्वच्छ सांगितलं होतं, “सहा महिने गाणं बंद. बेताचं बोला, ओरडू नका. ऐकलं नाहीत तर गाणं कायमचं विसरा.” मी तशीच आबांकडे गेले होते. आबा मेहेंदळे म्हणजे मंडळीचे मालक, दिग्दर्शक, सगळं तेच. त्यांनी ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, “शरू, रविवारचा दुपारचा प्रयोग तेवढा रेटून ने. तुझ्या जागी घ्यायची ती नवी पोरगी, वैजयंती, तिचं पाठांतर अजून कच्चं आहे. आणि नेमका त्याच दिवशी पुण्याहून तो डॉक्टर येतोय. हा घशाचा नव्हे, नाटकाचा.”

आमचं नाटक आबांच्या मामांनी लिहिलेलं, जुनं, पौराणिक. राम-सीता वनवासाला निघतात, लक्ष्मण त्यांच्या मागं निघतो आणि त्याची बायको ऊर्मिला महालातच राहते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो निरोप घ्यायला येतो तेव्हा ती पद म्हणते, ‘जा सुखे, मी वाट ना अडवी’. सगळं नाटक त्या एका पदावर तोललेलं. दहा-अकरा वर्षं मी ते गात होते. शाळेत मुलांना पाढे शिकवायचे आणि शनिवार-रविवारी सांगलीत नाहीतर बाहेर, जिथं प्रयोग असेल तिथं जायचं. लग्नबिग्न राहूनच गेलं. ऊर्मिला तेवढी माझी होती. बाकी माझं म्हणावं असं काही नव्हतं.

आणि पदाला वन्समोअर द्यायचे ते नाना रिसबूड.

नानांचं मारुती रोडजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, तेही रडतखडत. पण गावच्या दैनिकात नाटकाचं परीक्षण लिहावं तर नानांनीच. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची त्यांची. गाण्यातली एखादी जागा मनासारखी आली की धोतराचा सोगा सावरत अर्धवट उठायचे आणि “वन्समोअर!” म्हणून असे कडाडायचे की बाकीच्या थिएटरला जाग यायची. नानांचा वन्समोअर पडला की आसपासच्या गावांतून तारखा मागायला माणसं आबांच्या दारात. नाटकाचं शास्त्र नानांना विचारलंत तर म्हणायचे, “शास्त्र आचाऱ्याला. जेवणाऱ्याला भूक पुरते.”

पुण्याचे डॉक्टर मिलिंद उकिडवे अगदी दुसऱ्या टोकाचे. विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे, पुण्याच्या मोठ्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत लिहायचे. आमच्याच वयाचे, पण लिहिणं असं की वाचताना पाठ ताठ करून बसावं लागे. संगीत नाटकात पद सुरू झालं की नाटक मरतं आणि वन्समोअरला त्याचं वर्षश्राद्ध होतं, असं त्यांनी छापून सांगितलं होतं. तरी आबांनी त्यांना बोलावलं. आबांचा हिशेब सरळ होता, शिव्या आल्या तरी पुण्याच्या पेपरात नाव येईल.

तर पडदा उघडला. लक्ष्मण आला, त्यानं निरोपाची वाक्यं म्हटली, पाठ फिरवली. सदूभाऊंनी सूर दिला. मी तोंड उघडलं.

काही आलं नाही. नुसती हवा.

सदूभाऊंनी पुन्हा सूर दिला. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ऑर्गनवरचे हातच काढून घेतले. थिएटर चिडीचूप. समोर नवऱ्याची पाठ, तो निघालेला. आता काय करू? मी बोलले.

“जा सुखे,” मी म्हटलं. नुसतं म्हटलं, घरात म्हणतात तसं. “मी वाट ना…” आणि तेवढ्यात ते मेलं ज्येष्ठमध गालातून सुटून जिभेखाली आलं. घशात गेलं असतं तर ठसका लागून सगळा बट्ट्याबोळ. मी थांबले, जिभेनं ते दुसऱ्या गालात सारलं, आणि मग म्हटलं, “अडवी.”

पुढची कडवी तशीच बोलले. आणि काय सांगू, बोलता बोलता माझ्याच अंगावर काटा आला. इतकी वर्षं ‘सुखे’ या शब्दावर मी अशी गोल जागा घ्यायचे, नाना त्यावर जीव टाकायचे, आणि त्या बाईला सुख कसलंही झालेलं नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती दात-ओठ खाऊन म्हणतेय ते. तिला त्याला उंबऱ्यातच आडवं पडून अडवायचंय. गाताना मी तिला एकदाही भेटले नव्हते. त्या दिवशी भेटले.

पडदा पडला. वन्समोअर नाही, टाळी नाही. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. नाना तिसऱ्या रांगेत धोतराचा सोगा डोळ्यांना लावून बसले होते. पहिल्या रांगेत डॉक्टर उकिडवे मान खाली घालून भराभरा काहीतरी लिहीत होते. मग कुठूनतरी मागून टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात.

आबा विंगेत तणतणत आले. “काय केलंस हे?”

“आबा, मला ऊर्मिला अशीच करू द्या,” मी कशीबशी बोलले. “बोलून. सहा महिनेच नव्हे, कायमची.”

“न गाणारी ऊर्मिला? खुर्च्या फेकतील लोक!”

“आज फेकल्या?”

आबांनी पडद्याच्या फटीतून बाहेर डोकावलं. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो, पण स्वतःच्या कानांवर भरवसा नव्हता त्याचा. “मला काय कळतंय त्यातलं?” ते शेवटी म्हणाले. “दोघंही बसलेले आहेत समोर. एक मनानं बघणारा, एक डोक्यानं बघणारा. पेपरात काय येतंय बघू. अशी चालली म्हणाले, तर ऊर्मिला तुझी. नाहीतर वैजयंती उभी आहेच.”

मला ते पटलं. खरंच पटलं. दोघांनी पाहिलं होतं, एकानं रडून, एकानं लिहून. आणखी काय हवं?

मंगळवारी गावच्या दैनिकात नानांचं परीक्षण आलं. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं.

‘शरयू आठल्ये यांचा आवाज परवा असा काही लागला होता की गंधर्वांनी माना खाली घालाव्यात! ‘जा सुखे’मधली ती सुखेवरची जागा! अहाहा! लोणी, केवळ लोणी! रसिकांनी तीन वन्समोअर दिले, तरी कानांची तहान भागेना.’

मी दोनदा वाचलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, “मजा आहे बाई तुझी!” मी पेपर घडी करून पिशवीत कोंबला आणि शाळा सुटल्यावर तडक नानांच्या दुकानात गेले.

नाना डोळ्याला भिंग लावून कुणाचंतरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते.

“नाना, रविवारी तुम्ही प्रयोगाला होतात?”

“म्हणजे काय! तिसऱ्या रांगेत. दिसलो नाही?”

“मग मी गायले का?”

नानांनी मान वर केली नाही. चिमट्यानं एक चाक उचललं, पुन्हा तिथंच ठेवलं.

“घसा बसला होता माझा. एक सूर निघाला नाही. सगळ्या गावानं बघितलं. आणि तुम्ही तीन वन्समोअर लिहिता?”

“मग काय लिहू?” नाना एकदम उसळले. “रिसबुडानं लिहावं, शरयूचा आवाज गेला म्हणून? अगं, दोन ओळींत तुझं मातेरं झालं असतं. पुढं कुणी दारात उभं केलं नसतं तुला. मी तुला परकरात असल्यापासून ऐकतोय. माझ्या कानात जे वाजलं ते लिहिलं मी.”

“तुमच्या कानात जुनी शरयू वाजली, नाना.”

“ती काय वाईट आहे?”

“तुम्ही रडत होतात. मी बघितलं वरून.”

आता नानांनी भिंग काढलं. डोळा लाल झाला होता, भिंगानं की कशानं कोण जाणे. “रडलो,” ते म्हणाले. “घरी जाऊनही रडलो. आमची ही गेली तेव्हा हॉस्पिटलात मला म्हणाली होती, तुम्ही जा घरी, मी बरी आहे. तशीच बोललीस तू. अगदी तशीच.”

“मग तेच लिहायचं होतंत ना!”

“ते कसं लिहितात, शरयू?” नाना अगदी खालच्या आवाजात म्हणाले. “जागा चांगली आली तर अहाहा लिहितात. तान आली तर बिजली लिहितात. बाई नुसती बोलली आणि म्हातारा रडला, याला काय म्हणतात? मला शब्दच ठाऊक नाही. परीक्षण तर द्यायचं होतं.”

मी दुकानाची पायरी उतरले. राग आला होता, आणि तो नानांवर धड काढताही येईना.

राहिले उकिडवे. सगळा आठवडा मी त्या रविवारवर डोळे लावून बसले. सदूभाऊ म्हणाले, “त्या माणसाला शब्दांची ददात नाही. तो लिहील बघ.” पुण्याचा पेपर दहाच्या एसटीनं यायचा. मी स्टँडवरच उभी राहून वाचला.

अर्धं पान होतं. मथळा, ‘गाण्याला नकार’. बऱ्याच गोष्टी माझ्या डोक्यावरून गेल्या. पण मधे एक वाक्य होतं, ‘निरोप गाता येत नाही, गायला जातो तो निरोपाचा समारंभ.’ ते मी तिथंच तीनदा वाचलं. मला विंगेत आबांना जे सांगता आलं नव्हतं ते या माणसानं एका ओळीत सांगितलं होतं. पुढं लिहिलं होतं, ‘‘वाट ना’ आणि ‘अडवी’ यांच्यामधला तो दीर्घ विराम हा या प्रयोगाचा गाभा आहे. त्या विरामात अभिनेत्री शतकभराची संगीत नाटकाची परंपरा तोंडात धरून उभी राहते.’

तोंडात ज्येष्ठमध धरलेलं, मी मनात म्हटलं, आणि एकटीच स्टँडवर हसत सुटले. माणूस शहाणा होता. ऊर्मिला माझी राहिली होती.

त्याच आठवड्यात उकिडवे पुन्हा आले. आबांच्या घरी पोहे झाले. मी आणि सदूभाऊ मुद्दाम गेलो होतो. डॉक्टर माझ्याशी फार अदबीनं बोलत होते.

“बाई, हा निर्णय तुम्ही किती दिवस मनात बाळगून होतात?”

“कसला निर्णय?”

“न गाण्याचा.”

“निर्णय कसला, घसा बसला होता माझा.”

ते किंचित हसले. “ते निमित्त झालं. निमित्त गौण असतं.”

“आणि तो विराम,” मला राहवेना, “तोंडात ज्येष्ठमध होतं हो. ते सुटलं. ठसका लागू नये म्हणून थांबले.”

आबा खो खो हसले. सदूभाऊंना पोह्यांचा घास लागला. उकिडवे हसले नाहीत. त्यांनी चमचा बशीत ठेवला आणि म्हणाले, “हे कृपा करून कुणाला सांगू नका.”

“का? खरं आहे ते.”

“दिल्लीच्या परिसंवादात मी या विरामावर निबंध वाचतोय.”

“वाचा की. तुम्ही जे लिहिलंत ते खरंच आहे. निरोप गाता येत नाही, हे अगदी मला झालं तसं लिहिलंत. पण ते घडलं कसं, तेही लिहा ना. घशानं दगा दिला म्हणून मी त्या बाईपर्यंत पोचले. ती मला सापडली, डॉक्टर. त्याच्यावर काही नाही का लिहिता येत?”

“त्याला पुरावा काय?” ते मनापासून म्हणाले. चेष्टा नव्हती त्यात. “तुम्हाला काय झालं, हा अभ्यासाचा विषय होत नाही.”

मला नानांचं दुकान आठवलं. ज्याला झालं होतं त्याला लिहिता येत नव्हतं. ज्याला लिहिता येत होतं त्याला, मला काय झालं, ते नकोच होतं.

तरी म्हटलं, असू दे. आपल्याला भूमिका मिळाली की बास. डॉक्टरांची गाडी वळणावरून गेल्यावर मी आबांना विचारलं, “मग? ऊर्मिला माझी ना?”

आबांनी अडकित्ता हातात घेतला. हा माणूस अडचणीत आला की सुपारी कातरायचा.

“शरू, इस्लामपूरहून माणूस येऊन गेला. विट्याहून, तासगावहून. सगळ्यांना तीन वन्समोअरवाला प्रयोग पाहिजे. नानांचं कात्रण खिशात घेऊन आले होते. त्यांना मी काय सांगू, आमची बाई पद बोलते म्हणून?”

“पण नानांनी लिहिलं ते झालंच नाही!”

“छापून तर आलंय.”

“आणि पुण्याच्या पेपरात आलं ते?”

“ते तासगावात कोण वाचतंय? तसं मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांच्या विद्यापीठात एक प्रयोग देऊ आपण, बोलून. तिथं तूच. मान मिळेल. बाकी गावाला वैजयंती गाईल. पोरीचा गळा ताजा आहे, मी तरी काय करू?”

सदूभाऊ काहीतरी बोलायला गेले. आबांनी हात वर केला. म्हणजे दोघांनी माझी तोंड भरून स्तुती केली होती आणि दोघांनी मिळून मला घरी बसवलं होतं. नानांनी शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

विद्यापीठातला प्रयोग झाला. मी ज्येष्ठमधाशिवाय बोलले, त्या जागी थांबलेच नाही. उकिडवे नंतर खाजगीत म्हणाले, “आज तो विराम हरवला.” पुन्हा त्यांनी बोलावलं नाही. निबंध वाचून झाला होता.

इस्लामपूरला वैजयंतीचा पहिला प्रयोग होता. कशाला गेले होते मी? तिचा शालू नेसवायला, दुसरं कोण होतं. पोरगी गोड गायली, खोटं कशाला बोलू. ‘सुखे’वर तिनं अशी जागा घेतली की माझीसुद्धा मान हलली. आणि तिसऱ्या रांगेतून ओळखीचा आवाज कडाडला, “वन्समोअर!”

नाना खास एसटीनं आले होते. मी विंगेत होते, हातात तिची टाचणीची डबी. नानांनी मला बघितलं की नाही कळलं नाही. तिनं पुन्हा गायलं. त्यांनी पुन्हा दिला. डोळे कोरडे ठणठणीत होते त्यांचे, चेहरा खुललेला. मला वाटलं, जाऊन त्यांचं मानगूट धरावं आणि विचारावं, बायको आठवली का आता? मी टाचण्या मोजत बसले.

सहा महिन्यांनी माझा घसा सुटला. कुणी विचारायला आलं नाही.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. नाना गेले, आबा गेले, मंडळी मोडली. गेल्या साली पुण्याहून फोन आला, उकिडवे सरांचा सत्कार आहे, ‘विरामाचं नाट्यशास्त्र’ या त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, तुम्ही यायलाच हवं. भाचा म्हणाला जा, म्हणून गेले. मला पहिल्या रांगेत बसवलं. सर खुर्चीवरून उठून माझ्या पाया पडायला निघाले, मी हात धरला. पुष्कळ थकले होते.

मग विद्यार्थ्यांनी प्रसंग सादर केला. विशीतली एक मुलगी, केस कापलेले, सुती साडी. नवऱ्याची पाठ. शांतता. “जा सुखे. मी वाट ना…” ती थांबली. आणि थांबलेल्या तोंडात, मी नीट बघितलं, तिची जीभ उजवीकडून डावीकडे गेली. गाल फुगला, बसला. मग म्हणाली, “अडवी.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागं वळून सगळ्या रांगा बघितल्या. सगळे जाणकार होते, माना डोलावत होते. डोळ्याला पदर किंवा रुमाल एकाचाही नव्हता. त्या क्षणी मला नाना हवे होते, खोटारडे, वन्समोअरवाले. नुसते रडले असते तरी पुरे होतं.

चहाच्या वेळी ती मुलगी धावत आली, वाकली. “मॅडम, विराम बरोबर होता?”

“तोंडात काय धरलं होतंस गं?”

“काही नाही मॅडम.”

“मग गाल कशाला हलवलास?”

“ते सरांच्या पुस्तकात आहे ना,” ती उत्साहानं म्हणाली. “विरामात मुखाची सूक्ष्म हालचाल. अंतर्गत संघर्ष दाखवायचा असतो तिथं. आम्ही महिनाभर तेवढ्यावरच मेहनत घेतली.”

पोरीचा काय दोष. मी पर्स उघडली. आता गात नाही मी, पण ज्येष्ठमध असतं जवळ, सवय आहे. काडी मोडली आणि अर्धी तिच्या तळहातावर ठेवली.

“पुढच्या वेळी हे गालात धर. गिळू नकोस.”

तिनं काडी उलटसुलट करून बघितली. “हे काय आहे, मॅडम?”

“अंतर्गत संघर्ष,” मी म्हटलं.

तिनं गंभीरपणे मान डोलावली.